कोल्हापुरात मेपलचा बोन्साय: आधी हिवाळा, मग कात्री

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजारामपुरीतली दुमजली घराची गच्ची, पश्चिमेचं ऊन. दीड वर्षापूर्वी ऑनलाइन घेतलेलं लाल पानांचं जपानी मेपल, आठ इंची प्लास्टिकची कुंडी, त्यात बागेतली काळी माती आणि शेणखत. मार्चपासून पानं कडेनं वाळतात, पावसाळ्यात काळे ठिपके पडतात. डिसेंबरात निम्मी पानं गळली, निम्मी तशीच राहिली. यंदा फक्त शेंड्याचे दोन डोळे (फांदीवरचे अंकुर) फुटले, खालचे सगळे गप्प. शिवाय ‘निळ्या मेपल’च्या बियांचं एक पाकीटही घरात आहे. याचा बोन्साय होईल का, कुंडी कोणती घ्यावी आणि छाटणी कधी करावी?

कुंडी आणि छाटणी नंतर. ‘फक्त शेंड्याचे दोन डोळे फुटले’ या वाक्यातच झाडाचं सगळं दुखणं आलं. पानं जळणं, ठिपके पडणं हे आवरता येतं. डोळे न फुटणं मात्र थंडी न मिळाल्याची खूण आहे, आणि त्यावर औषधाच्या दुकानात काही मिळत नाही.

मेपल हे थंड प्रदेशातलं पानगळी झाड. शरदात पानं गळाली की डोळे गाढ झोपतात. ही झोप नुसत्या दिवसांच्या हिशेबानं पुरी होत नाही, तिला थंडीचे तास लागतात. शून्य ते सात अंशांदरम्यान सुमारे १००० तास, म्हणजे सलग सहा आठवडे, हा जपानी मेपलसाठी धरायचा ढोबळ हिशेब. तेवढी थंडी भरली की वसंतात सगळे डोळे एकदम उघडतात. कोल्हापुरात थंडीतली रात्र साधारण १४-१५ अंशांवर थांबते, लाट आली तर थोडी खाली जाते, आणि दुपार पुन्हा २८-३० वर. रात्री जमलेली थोडीफार थंडीही त्या दुपारनं पुसली जाते. म्हणून झाडाला कळतच नाही की हिवाळा आला की गेला. मग ते साठवलेल्या अन्नावर शेंड्याचे एकदोन डोळे कसेबसे उघडतं, खालच्या फांद्या मुक्या राहतात, आणि दोन-तीन वर्षांत साठा संपला की एका उन्हाळ्यात अचानक वाळतं. लोक म्हणतात ‘ऊन लागलं’. ऊन शेवटचा धक्का असतो, झाड आधीच रिकामं झालेलं असतं.

कुंडीत बर्फाचे खडे टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग नाही. थंडी डोळ्यांना हवी असते आणि आठवडेच्या आठवडे हवी असते. मातीवरचा बर्फ अर्ध्या तासात पाणी होतो. एसीची खोली १८-२० अंशांची, तीही चालत नाही. झाड पन्हाळ्यावर ओळखीच्यांकडे ठेवलं तर उन्हाळा सुसह्य होईल, पण हिवाळा तिथंही पुरत नाही.

उरतो फ्रिज. पानं नसलेल्या झाडाला उजेड लागत नाही, त्यामुळे अंधार त्याला बाधत नाही. घरातल्या फ्रिजचा एक कप्पा काढून बारा-चौदा इंचांचं झाड बसतं. स्वयंपाकघरातून विरोध होणार हे गृहीत धरून जुना, एका दाराचा छोटा फ्रिज वेगळा ठेवलेला बरा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजपेक्षा हा जुना प्रकार उलट चांगला, कारण त्याची हवा कमी कोरडी असते.

क्रम असा. दसऱ्यानंतर नत्राचं खत पूर्ण बंद. झाड उघड्यावर, रात्रीचा गारवा लागेल अशा जागी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जी पानं हिरवी राहिली असतील ती कात्रीनं कापायची, पण देठ फांदीवर ठेवायचा. पान ओढून काढलं तर देठाच्या कुशीतला डोळा सोबत सोलून येतो. आठ-दहा दिवसांत देठ पिवळे पडून बोट लावताच गळतात, म्हणजे झाड तयार झालं. न गळणारे देठ बळेच ओढू नका, आणखी चार दिवस थांबा. मग आदल्या दिवशी कुंडीला तळातून वाहेपर्यंत पाणी, आणि उघड्या फांद्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक, लिटरला अडीच ग्रॅम. बंद, ओलसर जागेत बुरशी येते म्हणून हे आधीच करायचं. फांद्या सुकल्या की कुंडीपुरती प्लास्टिकची पिशवी चढवून खोडाशी सैल बांधायची आणि फांद्यांभोवती वर्तमानपत्र गुंडाळायचं.

पहिला आठवडा फ्रिज कमीत कमी थंड ठेवा, नंतर ३ ते ५ अंशांवर आणा. आत नुसता अंदाज नको, थर्मामीटर हवा. झाड बर्फाच्या कप्प्यात नको, फ्रीजरमध्ये तर नाहीच. दर दहा दिवसांनी कुंडी उचलून वजन बघा, हलकी लागली तर अर्धी वाटी पाणी. पांढरी बुरशी दिसली तर जुन्या टूथब्रशनं झाडून पिशवी एक दिवस उघडी ठेवा. त्याच फ्रिजमध्ये पिकलेली केळी, चिकू, सफरचंद ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि डोळे मरतात. वीज चार-पाच तास गेली तर काही बिघडत नाही, दार मात्र उघडू नका.

साधारण १० ते १५ फेब्रुवारीला झाड बाहेर. म्हणजे आठ-नऊ आठवडे झाले, सहाच्या हिशेबाला वरची शिल्लक. ही तारीख पुढे ढकलू नका. डोळे फुगायला दोन-तीन आठवडे, पानं उघडून जून व्हायला आणखी तीन-चार. मार्चअखेर पान टणक झालं तर एप्रिल सोसतं. झाड होळीला बाहेर काढलं तर कोवळं पान थेट भट्टीत जाईल.

एवढं दरवर्षी करायची तयारी नसेल तर जपानी मेपल ठेवू नका, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

कोणतं मेपल

फ्रिजची तयारी असेल तर पहिलं झाड म्हणून ट्रायडेंट मेपल घ्या. मूळ पूर्व चीनचं. पानाला तीन टोकं असतात. बेलासारखं त्रिदल वाटतं, पण बेलाच्या तीन पर्णिका सुट्या असतात, इथं पान एकच. जपानी मेपलपेक्षा पान जाड आणि चकचकीत असतं, ऊन अधिक सोसतं, मुळं जोरकस असतात, खोड लवकर जाड होतं, आणि छाटल्यावर जुन्या लाकडातूनही फुटतं. थंडी यालाही लागतेच, पण चुका पोटात घालण्याची ताकद अधिक.

आपल्या देशातलंही एक मेपल आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्यम उंचीपर्यंत वाढणारं एसर ऑब्लाँगम. त्याची पानं अखंड, लांबट, कातडी असतात, टोकं नसतात, म्हणून बघणारा ‘हे मेपल नव्हेच’ म्हणतो. फळ मात्र तेच, दोन पंखांचं. हे अर्धवट सदाहरित असल्यानं थंडीचा हट्ट कमी करतं. रोप मिळालं तर कोल्हापुरात टिकण्याची शक्यता याचीच जास्त. लाल रंगाचा मोह असलेल्यांना हे झाड आवडत नाही, त्याला इलाज नाही.

तुमच्या लाल पानांच्या रोपाबद्दल एक गोष्ट तपासा. अशी रोपं बहुधा कलमी असतात. खोडावर जमिनीपासून दोन-चार इंचांवर गाठ किंवा सालीच्या रंगात फरक दिसला तर ते कलम. बोन्सायमध्ये ती गाठ आयुष्यभर डोळ्यांत खुपते. अशा झाडाची गाठीच्या वर गुटी बांधून, म्हणजे खोडावरच मुळं फोडून, नवं झाड करता येतं, पण आजारी झाडावर गुटी नको. एक हिवाळा नीट मिळून ते सशक्त फुटल्यावर, त्या वर्षीची पानं जून झाली की बांधा. खोडाच्या जाडीच्या दीडपट रुंदीचं सालीचं कडं काढायचं, आतला चिकट हिरवा थर खरवडायचा (तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत), भिजवून पिळलेलं मॉस आणि वर प्लास्टिक. मुळं पांढरी असताना नाही, तपकिरी होऊन फाटे फुटल्यावर कापायचं.

निळं पाकीट फेकून द्या. निळ्या पानांचं मेपल निसर्गात नाही. शिवाय परदेशी संकेतस्थळावरून बी मागवायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना लागतो, हे विकणारा सांगत नाही. खात्रीचं ताजं बी मिळालं तर कोमट पाण्यात २४ तास भिजवा, तरंगणारं बाजूला करा, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइटमध्ये (हलके, सच्छिद्र खनिज कण) मिसळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ३ ते ५ अंशांना ९० ते १०० दिवस ठेवा. ओल किती? मूठ दाबली तर थेंब पडू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठेवलं तर फेब्रुवारीत मोड येतात. मोडाचं पांढरं टोक दिसलं की एक सेंटिमीटर खोल लावा. वाळलेल्या, जुन्या बियांचं कवच इतकं हट्टी होतं की काही वेळा दुसऱ्या वर्षी उगवतं, म्हणून वाफा लगेच उकरू नका.

माती

काळी माती उसाला सोनं आहे. उथळ कुंडीत मात्र ती चिखल होते आणि उन्हाळ्यात विटेसारखी आवळते. तिच्यात चुनखडीही असते. चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना आहे. मेपलला किंचित आम्ल माती लागते. चुन्यात ते लोह उचलू शकत नाही आणि शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं असं दिसतं.

जपानची आकादामा माती मागवण्याची गरज नाही. वीटभट्टीवरचे तुकडे पुरतात, फक्त पूर्ण भाजलेल्या विटेचे हवेत. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजावेत, आणि एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला तर सकाळी बोटानं कुसकरता येऊ नये. कच्ची वीट एका पावसाळ्यात परत माती होते. तुकडे फोडून चाळा. मोहरीपेक्षा बारीक ते सगळं टाका, मोहरी ते ज्वारीएवढं मुख्य मिश्रणाला, हरभऱ्याएवढं तळाच्या थराला. मग बादलीत धुवा. पहिलं पाणी रक्तासारखं लाल निघतं. स्वच्छ निघेपर्यंत पाच-सहा वेळा बदलावं लागतं, आणि इथंच सगळे कंटाळतात. ती भुकटी राहिली तर तळाशी बसून सिमेंटसारखा थर होतो आणि वरून कितीही सच्छिद्र मिश्रण असलं तरी मुळं पाण्यात उभी राहतात. विटेवर पांढरा क्षार फुलत असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा.

प्रमाण: विटेचे कण पाच भाग, प्युमिस (हलका, सच्छिद्र दगड) किंवा परलाइट तीन भाग, चाळलेलं जुनं पानखत एक, कोकोचिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे) एक. पावसाळ्यात छताखाली ठेवायची सोय नसेल तर पानखत अर्धं करा. खडी क्रशरची बारीक कच एकटीच वापरू नका, पाणी धरत नाही आणि एप्रिलमध्ये तापते. फाउंड्रीची वाळू तर अजिबात नको. शिरोली, गोकुळ शिरगावच्या बाजूला ती ढिगानं मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्यात बेंटोनाइट (चिकणमाती) किंवा रेझिन असतं. मळीचं खतही या कुंडीला जड पडतं.

मिश्रण भरल्यावर चाचणी सोपी: मगभर पाणी ओतलं की काही सेकंदांत भोकातून धार लागली पाहिजे, आणि वर तळं साचता कामा नये.

कुंडी सध्या बोन्सायची नकोच. खोड अंगठ्याएवढं होईपर्यंत दहा-बारा इंचांची पसरट परडी किंवा भोकं पाडलेला उथळ टब द्या. बोन्सायच्या लहान कुंडीत झाड जाड होत नाही, आहे तेवढंच राहतं. खोड तयार झाल्यावर कुंभार गल्लीत सांगून घडवून घेता येते: खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीएवढी किंवा थोडी जास्त, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, तळाला किमान दोन बोटभर भोकं आणि झाड बांधायला चार बारीक. बांधायचं भोक विसरू नका. तारेनं बांधलेलं नसलं तर वाऱ्यात झाड हलतं आणि नवी मुळं रोज तुटतात.

ऊन, पाणी, पाऊस

फेब्रुवारीअखेर ते मे: सकाळचं ऊन साडेदहापर्यंत, नंतर ५० टक्के शेडनेट, एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला आणखी एक पडदा. कुंडी स्लॅबवर ठेवू नका. दुपारी स्लॅब पायाला चटका देतो, तोच चटका तळाच्या मुळांना बसतो. दोन-अडीच फूट उंच लाकडी फळीवर ठेवा आणि कुंडीच्या बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. पाणी दोनदा, पहाटे आणि ऊन उतरल्यावर. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) मोजा. चारशेच्या वर गेलं की क्षार पानाच्या कडेला साचतात आणि कड तपकिरी होते. पावसाचं पाणी पिंपात साठवून निदान उन्हाळ्यात आळीपाळीनं द्या.

पान कसं जळतं त्यावरून कारण ओळखता येतं. सगळ्या पानांची कड सारखी वाळली तर क्षार किंवा कोरडा वारा. फक्त पश्चिमेकडची पानं मधोमध भाजली तर ऊन. काळे ठिपके आणि भोवती पिवळी कडा ही बुरशी. माती ओली असूनही पानं लटकली तर मुळं कुजत आहेत, आणि अशा वेळी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल. एकच फांदी अचानक माना टाकून वाळली, कापल्यावर लाकडात काळपट कडं दिसलं, तर तो मर हा बुरशीचा रोग आहे. फांदी खूप खालून कापा, कात्री स्पिरिटनं पुसा.

जून ते सप्टेंबर इथली झड चार-चार दिवस थांबत नाही. पारदर्शक पत्र्याखाली ठेवता आलं तर उत्तम. नसेल तर कुंडीच्या एका बाजूला विटेचा तुकडा सारून ती तिरकी करा. तिरक्या कुंडीत पाण्याचा स्तंभ उंच होतो आणि तळाशी अडून राहणारं पाणी खालच्या भोकातून ओघळून जातं. झाड वाकडं दिसतं, दिसू द्या. दर आठवड्याला विटेची बाजू बदला. मृगाच्या आधी एकदा मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, नंतर उघडीप मिळेल तसं तीन आठवड्यांनी. कोवळ्या पानांवर तांब्याची औषधं मारू नका, करपतात.

वळवाच्या पावसानंतर उसाच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक असलेली हुमणी कुंडीलाही सोडत नाही. संध्याकाळी भुंगेरे उडतात, मादी भुसभुशीत, सेंद्रिय मातीत अंडी घालते आणि ऑगस्टमध्ये अळी मुळं कुरतडते. मे महिन्यात मातीवर बारीक नायलॉन जाळी अंथरून कडा कुंडीखाली खोचल्या की काम होतं. कुंडीत अर्धकच्चं शेणखत घालणं म्हणजे तिला आवतण. मावा, पिठ्या ढेकूण आणि उन्हाळ्यातली लाल कोळी यांना पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा, न भागलं तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली थोड्या साबणासह, संध्याकाळीच.

खत पानं जून झाल्यावरच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी. एप्रिल-मेमध्ये बंद. सप्टेंबरात दोनदा ०:५२:३४, तेवढ्याच प्रमाणात. शेंगपेंडीचे गोळे चालतात, पण मुंग्या आणि उंदीर येतात.

छाटणी आणि तार

मेपलचे डोळे समोरासमोर जोडीनं येतात. ही एक गोष्ट लक्षात आली की अर्धी छाटणी समजली. जोडीच्या वर कापलं की दोन फांद्या फुटतात आणि इंग्रजी वाय आकार आपोआप मिळतो. नवी फांदी तीन-चार जोड्या वाढू द्यायची, मग पहिल्या जोडीवर आणायची. एका ठिकाणी दोनपेक्षा जास्त फांद्या ठेवल्या तर तिथं गाठ फुगते. मोठे काप फेब्रुवारीत डोळे फुगताना घेऊ नका, रस गळत राहतो. ते पानं जून झाल्यावर घ्या आणि बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून एकत्र करायचं. लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबडा थर बसला तर चुना थोडा वाढवा.

सगळी पानं काढून लहान पानं आणण्याची युक्ती इथं करू नका. उन्हाळ्यानं थकलेल्या झाडाला ती झेपत नाही.

तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश. मेपलची साल मऊ, महिना-दीड महिन्यात तार रुतते, म्हणून दर आठवड्याला बघा. काढताना उलगडू नका, कटरनं तुकडे करा.

माती-बदल दर दोन वर्षांनी, फ्रिजमधून काढल्यानंतर डोळे उघडण्याआधी. मुळांचा एक तृतीयांश भाग काढा, सरळ खाली जाणारं सोटमूळ पहिलं आणि आडवी मुळं राखून. त्यानंतर तीन आठवडे सावली.

तुमच्या झाडाचं आत्ता

छाटणी, तार, खत काही नको. झाड पश्चिमेहून पूर्वेला हलवा. कुंडी आडवी करून गोळा अलगद बाहेर काढा आणि मुळं बघा. टोकं दुधी आणि टणक असतील तर गोळा न फोडता वर सांगितलेल्या मिश्रणासह मोठ्या परडीत बसवा, खरा माती-बदल फेब्रुवारीत. मुळं काळी, सालटी सुटणारी आणि वास मारणारी असतील तर तेवढीच कापा, काळी माती पाण्यानं धुवून काढा, नुसत्या धुतलेल्या विटेच्या कणांत लावा आणि सावलीत ठेवा. मग खालच्या मुक्या डोळ्यांपैकी एकदोन नखानं हलके खरवडून बघा. आत हिरवं असेल तर डिसेंबरसाठी फ्रिज शोधायला लागा. सगळे तपकिरी असतील तर पुढच्या खेपेला ट्रायडेंट आणा, किंवा गावातल्या जुन्या भिंतीत उगवलेलं पाईरचं (वड-पिंपळाच्या जातकुळीतलं झाड) रोप मालकाला विचारून काढा. त्याची नवी पालवी तांबूस असते आणि त्याला फ्रिज लागत नाही.